पिशवी रिक्षात, मावशी पायी: माथेरानच्या एका सहलीचं प्रकरण

फोनवर नाना एवढंच म्हणाले, "ताई, यंदा माथेरान. पण नेहमीचं नको. घोडा, चिक्की, सनसेट आणि घरी, असं नको. ब्रिटिशांच्या वेळचं माथेरान दाखवा आम्हाला."

नाना परळच्या एका ज्येष्ठ नागरिक संघाचे सेक्रेटरी. मी दादरहून छोट्या सहली नेते. वीस-पंचवीस माणसं, एक मुक्काम, घरगुती जेवण. संघाशी सहा-सात वर्षांचं येणंजाणं, त्यामुळे 'ब्रिटिशांच्या वेळचं' म्हणजे नेमकं काय हवंय, हे मी विचारलंच नाही. मला वाटलं मला कळलंय, नानांना वाटलं त्यांनी सांगितलंय. या प्रकरणातली पहिली चूक ती, आणि ती माझी.

फेब्रुवारी २०२५ मधली ही सहल. चोवीस माणसं, त्यांत पंधरा बायका, वयं बासष्ट ते अठ्ठ्याहत्तर. दोघांच्या गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. सहलीनंतर दोन तक्रारी आल्या, काही पैसे परत गेले, आणि पत्रकातली एक ओळ मला कायमची काढून टाकावी लागली. या धंद्यात नवी आलेली मुलं अधूनमधून माझ्याकडे बसतात, त्यांना मी हे प्रकरण तोंडी सांगत आलेय. आता लिहून काढते.

पत्रक

माझं पत्रक एका पानाचं असतं. पुढे वेळापत्रक, मागे 'जाण्याआधी थोडंसं' म्हणून माहिती. या खेपेला मागची बाजू मी मन लावून लिहिली, कारण मागणीच तशी होती.

मे १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट कामानिमित्त डोंगराच्या दक्षिण पायथ्याला, चौक गावी मुक्कामाला होता. संध्याकाळी पाय मोकळे करायला निघाला तो चढतच गेला, आणि दुसऱ्या दिवशी गावच्या पाटलाला बरोबर घेऊन थेट माथ्यावर पोचला. सगळीकडे छापलेलं असतं की मॅलेटने माथेरान शोधलं. आता पाटलाला बरोबर घेतला म्हणजे पाटलाला वाट ठाऊक होती. वर ठाकर, कातकरी, धनगर वावरत होते. शार्लट लेकच्या काठचा पिसरनाथ हे तिथलं ग्रामदैवत. माथ्यावरचं रान म्हणून माथेरान, हे नावसुद्धा त्यांच्याच तोंडचं. मॅलेटच्या नावाचा झरा आहे. पाटलाच्या नावाचा पॉइंट नाही.

मॅलेट त्याच वर्षी पुन्हा आला, नेरळच्या बाजूने वाट काढवली आणि घर बांधलं. त्या घराचं नाव 'द बाइक'. ज्या गावात आजही बाइक न्यायला बंदी आहे तिथलं पहिलं साहेबी घर 'बाइक', ही गंमत मी प्रत्येक सहलीत सांगते आणि प्रत्येक सहलीत कुणीतरी हसतं.

मग मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन वर आला. त्याला जागा आवडली, त्याने स्वतःच्या बंगल्यासाठी ठिकाण निवडलं, आणि गव्हर्नर जिथे जातो तिथे बाकीचे जातातच. हा एल्फिन्स्टन १८५३ ते १८६० गव्हर्नर होता. आमच्या संघातल्या निम्म्या लोकांनी ज्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनचे जिने जन्मभर चढले-उतरले, ते स्टेशन याच्याच नावाचं. २०१८ मध्ये त्याचं प्रभादेवी झालं. हे मी गाडीत सांगितलं तेव्हा एक काका म्हणाले, "म्हणजे खाली आम्ही घामाघूम आणि हा वर पंख्याशिवाय गार."

काकांनी चेष्टेत म्हटलं, पण थंड हवेच्या ठिकाणांचा सगळा मामला त्यांनी एका वाक्यात सांगितला होता. त्या काळी ताप, हगवण, कॉलरा हे खराब हवेतून होतात असा डॉक्टरांचा समज होता. खाली दमट, कुजकट हवा. वर कोरडी, स्वच्छ. गोऱ्या माणसाला उन्हाळा मानवत नाही, म्हणून त्याला काही महिने वर न्या, हे औषधच होतं. महाबळेश्वर त्यातूनच उभं राहिलं. गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२९ च्या सुमारास साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ती जागा घेतली, बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव दिलं आणि वर माल्कम पेठ वसवली. तिथे भाजीपाल्याचे मळे फुलवले ते चिनी कैद्यांनी. महाबळेश्वर सरकारचं होतं. उन्हाळ्यात सरकारच तिथे जायचं, फायली, कारकून, शिपाई सगळा लवाजमा घेऊन.

माथेरानचं तसं नाही. माथेरान मुंबईचं. आणि ते मुंबईचं झालं रेल्वेमुळे. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली, तीन वर्षांत रूळ नेरळवरून खोपोलीपर्यंत गेले. मॅलेट चढला तेव्हा जो डोंगर आडवाटेला होता तो सहा वर्षांत मुंबईच्या दाराशी आला. सकाळी फोर्टातली पेढी बंद करून निघालेला माणूस दिवस मावळायच्या आत वर. नुसत्या साहेबांवर हे गाव चाललं नाही. पारशी, बोहरी, गुजराती शेठ मंडळींनी बंगले बांधले, हॉटेलं काढली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. त्या दिवसांत ज्यांना परवडत होतं ते शहराबाहेर पळाले. ज्यांना नव्हतं ते चाळीत राहिले. 'हवापालट' हा शब्द आपण आज हौसेने वापरतो. तेव्हा त्याच्या मागे भीती होती.

आणि मग सर आदमजी पीरभॉय. काड्यापेट्या विकण्यापासून सुरुवात केलेला हा बोहरी माणूस लष्कराला तंबू आणि बूट पुरवून कोट्यधीश झाला. त्याच्या पैशातून, त्याचा मुलगा अब्दुल हुसैन याच्या खटपटीतून नेरळ-माथेरान रेल्वे झाली. काम १९०४ मध्ये सुरू, २२ मार्च १९०७ ला गाडी सुरू, खर्च सोळा लाख रुपये. दोन फुटांचा गेज, वीस फुटांत एक फूट चढ, आणि दोनशेच्या वर वळणं. डब्यात बसलं की आपल्याच गाडीचं इंजिन खिडकीतून समोर दिसतं. वाटेत एकच बोगदा. तो इतका आखूड की त्याला 'वन किस टनेल' म्हणतात. हे मी पत्रकात लिहिलं नव्हतं, पण दोन आज्या आधीपासून ओळखून होत्या.

इथवर पत्रक ठीक होतं. घोटाळा पुढच्या बाजूला होता. वेळापत्रकात, सकाळी साडेअकराच्या समोर, मी लिहिलं होतं: 'दस्तुरीहून बाजारपेठेपर्यंत साहेबी थाटात हातरिक्षातून!'

उद्गारचिन्हासकट.

माझी योजना, आणि ती का बावळट होती

योजना अशी. दादरहून कर्जत लोकल, नेरळला उतरायचं, छोटी गाडी पकडायची, जुम्मापट्टी, वॉटर पाइप ही स्टेशनं करत अमन लॉज स्टेशनला यायचं. तिथे उतरायचं. शेजारीच दस्तुरी नाका, खालून आलेल्या मोटारी थांबतात ती जागा. तिथून ज्यांना हवं त्यांनी हातरिक्षात बसून बाजारात यायचं, बाकीच्यांनी चालत. अंतर अडीच किलोमीटरच्या आसपास.

जाणकारांच्या लक्षात आलंच असेल. गाडी अमन लॉजला संपत नाही, ती पुढे बाजारातच जाते. म्हणजे ज्यांना गाडीतून थेट मुक्कामाच्या दारात उतरता येत होतं, त्यांना मी मधेच उतरवून माणसांनी ओढलेल्या गाडीत बसवणार होते. का, तर 'अनुभव' म्हणून. १९०७ मध्ये पीरभॉय बापलेकांनी सोळा लाख घालून जे कष्ट वाचवले ते मी एका ओळीत परत आणले. योजना आखताना हे मला दिसलं नाही. मला दिसत होता तो फोटो: जुना बंगला, लाल माती, छत्री घेतलेली आजी, रिक्षा.

पाच रिक्षा सांगून ठेवल्या. दहा जणांनी नावं दिली होती.

तो दिवस

नेरळला छोट्या गाडीची तिकिटं खिडकीवर मिळतात आणि गाडीत जागा मोजक्याच. माझा मुलगा पहाटे जाऊन रांगेत उभा राहिला, तरी आमच्या हाती नऊच तिकिटं लागली. चोवीस मिळतील हे मी गृहीत धरलं होतं. या चुकीवर फार लिहीत नाही. ती कुणीही करतो आणि एकदाच करतो.

नऊ जण गाडीत बसले, त्यांचे म्होरके नाना. बाकीचे पंधरा आणि मी टॅक्सीने दस्तुरीला. टॅक्सी वीस-पंचवीस मिनिटांत वर आणते, छोटी गाडी अडीच तास घेते, त्यामुळे आम्ही खूप आधी पोचलो. टॅक्सीवाला दस्तुरीला थांबला, पुढे एक चाक नाही. नगरपालिकेचा प्रवासी कर भरला, पावत्या घेतल्या. एक काकू मोकळ्या हवेत उभ्या राहून म्हणाल्या, "आई गं, हॉर्न नाही." बस, या गावाचं सगळं आकर्षण एवढंच आहे. उंची सुमारे आठशे मीटर, म्हणजे काही शिमला नव्हे. फेब्रुवारीत दुपारी ऊनच लागतं. पॉइंटसुद्धा शेवटी दरीच दाखवतात. पण जांभळी-अंजनीच्या गर्द सावलीतली लाल वाट आणि तिच्यावर गाडी नाही, हे मुंबईच्या माणसाला दुसरीकडे कुठे मिळतं? ४ फेब्रुवारी २००३ ला केंद्राने माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरचा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. वाहनबंदीला त्याने बळ मिळालं. अँब्युलन्स सोडली तर मोटार वर जात नाही.

मग बॅगा कोण नेतं? सिलिंडर, तांदळाची पोती, बाटल्यांचे खोके, गाद्या कशा येतात? घोड्यावर, हातगाडीवर, डोक्यावर. हॉर्न नाही कारण त्या जागी माणूस आहे. हे मला चौदा वर्षं दिसत होतं आणि दिसत नव्हतं.

रिक्षा लागल्या. माथेरानची हातरिक्षा कोलकात्यासारखी एकट्याने ओढायची नसते. चढउतार आहे, म्हणून तिघं लागतात. एक पुढे दांड्यांच्या मधे, दोघं मागून ढकलायला. उतारावर तेच दोघं मागे रेटून धरतात. सीटवर दोन माणसं. वर कापडी टप, दांड्यांना हात लागून लागून लाकूड गुळगुळीत झालेलं. पुढच्या माणसाच्या पायात रबरी चपला, पोटऱ्यांपर्यंत लाल माती. साधारण पन्नाशीचा असेल.

चार रिक्षा भरून निघाल्या. पाचवीत मावशी आणि त्यांच्या धाकट्या जाऊबाई बसायच्या होत्या. मावशी एकाहत्तरच्या. नऊवारी, डोळ्यांना जाड चष्मा, हातात रेक्झिनची काळी पिशवी, पिशवीत डबा आणि गोळ्या. त्यांनी पत्रक काढलं, हात लांब धरून वाचलं आणि मला विचारलं, "अगं, साहेबी थाटात म्हणजे काय? साहेब कोण, मी?"

मी हसून म्हटलं, "आज तुम्हीच, मावशी."

त्या हसल्या नाहीत. रिक्षावाल्याकडे बघत राहिल्या. तो म्हणाला, "बसा मावशी, सवय आहे आम्हाला."

"सवय कशाचीबी लागते रे," त्या म्हणाल्या. "आमचे हे मस्जिद बंदरला माथाडी होते. तीस वर्षं पोती वाहिली पाठीवर. घरी आले की म्हणायचे, पोतं बरं. वजन असतं, पण ते बघत नाही आपल्याकडे. मी नाही बसायची."

मला आधी वाटलं, किती छान बोलल्या. दुसऱ्या क्षणाला रिक्षावाल्याचा चेहरा बघितला. तो काही भारावला नव्हता. शांतपणे म्हणाला, "मावशी, तुम्ही नाही बसलात तर आमची फेरी गेली. तिघांची. सकाळपासून ही पहिलीच आहे."

"पैसे घे की. मी देते."

"फेरी न करता? भीक आहे का ती?"

दोघंही बरोबर होते, आणि मधे मी उभी, हातात पत्रक. मागचे दोघे ढकलणारे रिक्षाला टेकून वाट बघत होते. त्यांतला पोरगेलासा मोबाइल बघत होता. एवढ्यात जाऊबाई म्हणाल्या, "तुमचं ठरू दे, मी बसते बाई. माझा गुडघा स्टीलचा आहे," आणि बसल्यासुद्धा. शेजारची जागा रिकामी. मावशींनी क्षणभर विचार केला, पुढे झाल्या, आणि ती काळी पिशवी जाऊबाईंच्या शेजारी सीटवर नीट ठेवली. "ही बसू दे माझ्या जागी. आता फेरी पुरी झाली ना? पुऱ्या दोन सवारींचे घे."

रिक्षावाला हसला. "चला."

अशी ती वरात निघाली. पुढे रिक्षा, रिक्षात जाऊबाई आणि पिशवी, बाजूने मावशी रिक्षाच्या कडेला हात धरून चालताहेत, मागे मी. बाकीचे पायी जाणारे पुढे निघून गेले. मावशींचा वेग काय आणि त्यांना दम लागला की रिक्षाही थांबायची. थांबलं की गप्पा. तो कर्जतकडचा, बाप घोडा चालवायचा, आजा बंगल्यावर पाणी भरायचा. त्याने आम्हाला पाच-सहा बंगले दाखवले. पुढून व्हरांडा, कौलं, उतरतं छप्पर. आणि दर वेळी तो बोट दाखवायचा ते मागच्या बाजूला. "ती आउटहाऊस. स्वयंपाकघर तिथे, बंगल्यात नाही. धूर नको, वास नको, आणि आमची माणसं पण नकोत." जुन्या बंगल्यांची बांधणी तशीच असायची, स्वयंपाकघर आणि नोकरांच्या खोल्या वेगळ्या. मी ते पुस्तकात वाचलं होतं. मागच्या दाराने मात्र कधी बघितलं नव्हतं.

अडीच किलोमीटरला आम्हाला पावणेदोन तास लागले. वाटेत दोनदा पाणी, एकदा गोळी. एका झाडाखाली मावशींनी डब्यातले दशमीचे तुकडे तिघांना दिले. ते त्यांनी घेतले, ते भीक नव्हतं.

तेवढ्यात छोटी गाडी शिट्टी घालत आमच्या शेजारून गेली. खिडकीतून नाना आणि मंडळी हात हलवत होती. पत्रकाप्रमाणे त्यांनी अमन लॉजला उतरायचं होतं. संध्याकाळी नाना म्हणाले, "गाडी बाजारात जात असताना मधे उतरायला आम्ही काय वेडे आहोत?"

संध्याकाळ

जेवण दीड तास लांबलं. नानांचा पारा चढलेला. दुपारचा लुइसा पॉइंट रद्द झाला, थेट पॉर्क्युपाइन पॉइंटला सूर्यास्ताला गेलो. माकडाने एका काकांचं बिस्किटांचं पाकीट पळवलं. हे सगळं नेहमीचं.

रात्री व्हरांड्यात बसलो. मी ठरवलं होतं ते साहेबांचे किस्से सांगायचा धीर झाला नाही, म्हणून भाई कोतवालांचं सांगितलं. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, जन्म १ डिसेंबर १९१२, माथेरानचेच, नाभिक कुटुंबातले. याच बंगल्यांतल्या लोकांची दाढी-हजामत करणाऱ्यांच्या घरातला मुलगा शिकून वकील झाला, इथल्या नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला. १९४२ मध्ये त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांनी ते आणि हिराजी पाटील मारले गेले. परळची माणसं ऐकत होती. गिरण्यांना वीज कुठून येते हे त्यांना कुणी शिकवायला नको. एक काका बराच वेळाने म्हणाले, "म्हणजे डोंगरावर बसून याने थेट मुंबईचं बटण बंद केलं."

नंतर काही जण हार्ट पॉइंटकडे गेले, तिथून रात्री मुंबईकडचे दिवे दिसतात. मावशी गेल्या नाहीत, पाय शेकत बसल्या होत्या. त्यांच्या शेजारच्या खाटेवर जाऊबाई भिंतीकडे तोंड करून.

तक्रारी

परत आल्यावर आठवड्याने पहिली तक्रार नानांची. लेखी, संघाच्या लेटरहेडवर. छोट्या गाडीची तिकिटं सगळ्यांना मिळाली नाहीत, जेवण लांबलं, एक पॉइंट रद्द झाला, आणि 'ज्या ब्रिटिशकालीन वातावरणाची अपेक्षा होती ते अनुभवास आले नाही'. पहिले तीन मुद्दे मान्य. गाडीच्या आणि टॅक्सीच्या खर्चाचा हिशेब करून फरक परत केला. चौथ्यावर मी नानांना फोन केला आणि अखेर तो प्रश्न विचारला जो पहिल्या दिवशी विचारायचा होता: "नाना, तुम्हाला नक्की काय बघायचं होतं?"

ते जरा थांबले. म्हणाले, "माझे वडील एका पारशी शेठकडे ड्रायव्हर होते. उन्हाळ्यात शेठ माथेरानला जायचे. वडील त्यांना नेरळपर्यंत सोडायचे आणि गाडी परत आणायचे. वर काय आहे ते त्यांनी कधी बघितलं नाही. मला ते बघायचं होतं."

हे जर मला आधी कळलं असतं, तर मी सगळी सहल नेरळच्या फलाटापासून सुरू केली असती. तिथल्या जुन्या वाफेच्या इंजिनापाशी थांबले असते. वर शेठ मंडळींचे बंगले दाखवले असते, लाट-गव्हर्नर बाजूला ठेवून. लोक 'ब्रिटिशकालीन' म्हणतात तेव्हा दर वेळी त्यांना साहेब हवा असतो असं नाही. पुष्कळदा त्यांना स्वतःच्या घरातली एखादी बंद खोली उघडून बघायची असते.

दुसरी तक्रार जाऊबाईंची. ती त्यांच्या मुलाने फोनवर सांगितली, रागाने. आईला सहलीत अपराधी वाटेल असं वागवलं गेलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई रिक्षात बसली तर तिने काय पाप केलं? सगळ्या वाटभर मोठी जाऊ शेजारून चालत होती आणि येणारेजाणारे बघत होते. आई दोन दिवस जेवली नाही नीट.

या तक्रारीला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आजही मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. मावशींचं कौतुक करणं सोपं आहे. पण ज्याला चालता येत नाही त्याने या गावी यायचंच नाही का? रिक्षावाल्याने जे विचारलं तेच दुसऱ्या बाजूने जाऊबाई विचारत होत्या. त्या अवघड जागी त्या दोघींना आणि त्या तिघांना मीच आणून उभं केलं होतं, एका उद्गारचिन्हासाठी. पर्याय होते. अमन लॉजहून बाजारात जाणारी शटल गाडी होती. तिच्या वेळा बघून टॅक्सी सोडल्या असत्या तर गुडघेवाले सगळे तिच्यात बसले असते. डिसेंबर २०२२ पासून प्रयोग म्हणून थोड्या ई-रिक्षा चालू झाल्या होत्या, त्यांची चौकशी मी केलीच नाही. कारण शटल आणि ई-रिक्षा पत्रकात 'जुन्या' दिसत नाहीत.

जाऊबाईंच्या घरी मी गेले. रिक्षाचे पैसे परत द्यायला लागले तर त्यांनी हात मागे घेतला. "मी बसले होते, त्याने ओढलं, पैसे त्याचे." चहा मात्र दिला.

पुढे

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढणं हे प्रतिष्ठेला धरून नाही, आणि ओढणाऱ्यांचं ई-रिक्षा देऊन पुनर्वसन करा, असं न्यायालयाने म्हटलं. गुजरातमधल्या केवडियाला स्थानिकांना ई-रिक्षा भाड्याने देतात, त्या योजनेचा दाखलाही दिला. माथेरानला तेव्हा हातरिक्षांचे ९४ परवानाधारक होते. पहिला परवाना कुणाला, बॅटरी कुणाच्या पैशाने, मागून ढकलणाऱ्या दोघांचं काय, हे प्रश्न गावात रोज बाजारात बोलले जातात. परवाना एकाच्या नावावर असतो, रिक्षा तिघं चालवतात. ई-रिक्षा एकटा चालवतो. हे साधं गणित आहे आणि ते मला त्या दिवशी टपाच्या मागे मोबाइल बघणाऱ्या पोराकडे बघून सुचायला हवं होतं.

माझं पत्रक आता असं आहे. मागच्या बाजूला मॅलेट आहे, पण पाटलासकट. पीरभॉय आहेत, भाई कोतवाल आहेत, आणि स्वयंपाकघर मागे का असायचं तेही आहे. पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत: 'दस्तुरीपासून अडीच किलोमीटर. शटल गाडीची वेळ बघून निघू. चालणाऱ्यांच्या बॅगा हमाल नेतील, हमाली वेगळी, रोख द्यावी.' पत्रक त्यामुळे रुक्ष झालंय, असं माझा मुलगा म्हणतो. उद्गारचिन्ह एकही नाही.

गेल्या आठवड्यात मावशींचा फोन आला. संघाची पुढची सहल कुठे, ते विचारायला. मग म्हणाल्या, "तो आपला रिक्षावाला, त्याचं काय झालं गं?"

त्याचा नंबर माझ्याकडे होता. त्याच दुपारी मी बोलले होते. फॉर्म भरलाय, यादीत नाव आहे, अजून गाडी हातात नाही, असं तो म्हणाला होता. मी मावशींना तेच सांगितलं.

"मग त्याची गाडी आली की कळव," त्या म्हणाल्या. "तेव्हा जाऊ पुन्हा. तिच्यात बसेन मी. आणि हे बघ, यादीत जाऊबाईचं नाव माझ्या आधी लिही, नाहीतर परत रुसेल."